सावित्रीवरची सहल आणि निळी बॅग

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. रोज सकाळी कामगारांसमोर उभं राहून मी त्यांना हातमोजे, चष्मा आणि बूट यांचं महत्त्व सांगतो, आणि मंगलाष्टकं लांबली की भुकेले पाहुणे भटजींकडे बघतात तसे ते माझ्याकडे बघतात. त्यामुळे आमच्या इमारतीतल्या मंडळींनी पोलादपूरकडून महाडपर्यंत सावित्री नदीतून होडीने यायचं आणि मध्ये एक मुक्काम तंबूत करायचा असं ठरवलं, तेव्हा मोहिमेचं नेतृत्व आपोआप माझ्याकडे आलं. आपोआप म्हणजे, "कोणीतरी जबाबदार माणूस हवा," असं मी इतक्यांदा म्हणालो की शेवटी सगळे कंटाळले.

कल्पना समोरच्या ब्लॉकमधल्या रितेशची. रितेश बरीच वर्षं मुंबईत काढून महाडला परतला आहे आणि परतल्यापासून त्याला इथे सगळीकडे संधी दिसतात. "मालोजीदादा, इकडचं रिव्हर टुरिझम अजून कोणी टॅपच नाय केलं," तो मला जिन्यात गाठून म्हणाला. त्याने दोन हवा भरायच्या होड्या मागवल्याही होत्या. मुंबईचे लोक येण्याआधी आपल्या माणसांवर ट्रायल घेऊ, असं त्याचं म्हणणं. या वाक्याला माझ्यातला सुरक्षा अधिकारी जागा व्हायला हवा होता. पण तेवढ्यात माझी बायको अमिता दारात येऊन म्हणाली, "मी येणार." अमिता सहसा कुठे येत नाही. सहल म्हटलं की तिचे गुडघे दुखतात. ती येणार म्हटल्यावर मला माघार घेता येईना.

चवदार तळ्यामागच्या आमच्या गल्लीत बातमी संध्याकाळपर्यंत पोचली आणि सल्ले सुरू झाले. महाडच्या माणसाला नदी म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, पूर आणि मगर. पुराचे दिवस नव्हते, जानेवारी होता, म्हणून सगळे मगरीवर आले. तळमजल्यावरच्या तुळसाताईंनी सांगितलं की मगर दिसली की तिच्या डोळ्यांत डोळे घालायचे, ती लाजते. त्यांच्या मिस्टरांनी सांगितलं की काही झालं तरी डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, तिला राग येतो. दोघांचं त्यावरून जे वाजलं त्यात मगर बाजूलाच राहिली. वरच्या मजल्यावरचे रावजीकाका, एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक, मात्र शांतपणे होडीभोवती फिरून आले.

"ही होडी कुठली?"

"काका, होडी नाय, कनू आहे ही," रितेश म्हणाला.

"बुडते का?"

"म्हणजे, तसं बघायला गेलं तर, हो."

"मग होडीच," काका म्हणाले. "एवढं करण्यापेक्षा शिवथरघळीला जाऊ. सकाळची गाडी आहे." आणि कोणी न बोलावता तेही यायला तयार झाले.

मी नियमाने चालणारा माणूस असल्यामुळे परवानगी काढायला गेलो. पहिल्या कार्यालयात कळलं की पाण्याशी त्यांचा संबंध नाही. दुसऱ्या कार्यालयात कळलं की मगरींशी त्यांचा संबंध आहे, पण त्या काठावर असतील तरच नीट सांगता येईल. तिसऱ्या ठिकाणी, आपत्ती निवारण कक्षात, टेबलामागचे सद्गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नदीत होडी उतरवायची तर आधी कोणीतरी बेपत्ता असावं लागतं. आहे का कोणी?" मी नाही म्हटलं. त्यांनी चहा मागवला. चहा पिता पिता ते आपुलकीने म्हणाले, "साहेब, तुम्ही विचारलंच नसतंत, तर परवानगी लागली नसती." मी विचारून बसल्यामुळे आता काय करायचं, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही.

शनिवारी सकाळी टेम्पोने पोलादपूरच्या खाली नदीकाठी उतरलो. मी, अमिता, रितेश, त्याची शाळेत शिकवणारी बायको रेश्मा, आणि एसटीची जुनी शिट्टी गळ्यात अडकवलेले काका. सगळ्यांना नारिंगी जाकिटं घालायला लावून मी सुरक्षेविषयी थोडं बोललो. थोडं म्हणजे, बोलून होईपर्यंत टेम्पोवाला निघून गेला होता एवढं. मग मी सर्वांचे मोबाइल मागून घेतले आणि रितेशच्या नव्या निळ्या बॅगेत ठेवले. ही बॅग पाण्यातही आत कोरडी राहते आणि तरंगते, असं तो म्हणाला. तंबू, शिधा, कोरडे कपडे, आणि रेश्माने दोन दिवस खपून केलेल्या तिळाच्या वड्यांचा डबा हेही त्याच बॅगेत होतं. सगळं एकाच ठिकाणी सुरक्षित असावं, हा माझा आग्रह. त्याबद्दल पुढे मला जे ऐकावं लागलं ते मी इथे लिहीत नाही.

जानेवारीतली सावित्री होडीला सोयीची नसते. इथे डोह, तिथे नुसते गोटे. डोहात होडी आम्हाला न्यायची आणि गोट्यांवरून आम्ही होडीला. दुपारपर्यंत हिशेब साफ होडीच्या बाजूने झुकला होता. काका प्रत्येक डोहाशी शिट्टी वाजवून "चला, बसून घ्या" म्हणायचे, आणि आम्ही बसलो की होडी तळाला घासून थांबायची. तरी अमिता खूश होती. तिने साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला होता, वल्हं हातातून सोडत नव्हती, आणि तिचे गुडघे दुखत असल्याचं काही दिसत नव्हतं. मी एकदा विचारलं, "दमलीस का?" ती म्हणाली, "तुम्ही नीट बसा, होडी तुमच्या बाजूला कलते."

काठावर भेटणारा प्रत्येक माणूस मात्र आम्हाला बघून गंभीर व्हायचा. कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवायच्या. एकीने विचारलं, "कोन बुडालं रे?" दोन हजार एकवीसच्या पुरानंतर आमच्या भागात हवेची होडी आणि नारिंगी जाकीट एकत्र दिसली की त्याचा एकच अर्थ होतो, हे आमच्यातल्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. रितेश हसत म्हणाला, "कोण नाय बुडालं मावशी, आम्ही मजा करतोय." त्या बाईने शेजारणीकडे बघितलं. जाकीट घालून मजा करणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

दुपारनंतर एका उताराशी पाणी जरा जोरात होतं. मी सगळ्यांना उतरून होडी धरून चालायला सांगितलं. सगळे उतरले. मीही उतरलो, आणि माझा पाय गोट्यावरून सरकला. स्वतःला सावरायला मी जे पहिलं हाताला लागलं ते धरलं, ती रितेशची होडी होती. ती उलटली, रितेशने धरलेली बॅगेची दोरी सुटली आणि बॅग डौलात, काठीशिवाय निघालेल्या आजीसारखी डुलत, पुढच्या वळणावरून नाहीशी झाली. तरंगण्याबद्दल रितेश खरं बोलला होता.

आम्ही ओलेचिंब होऊन खालच्या वळणापर्यंत शोधत आलो. एका होडीतली हवा गेली होती, म्हणून मी मागे थांबून पंप मारत बसलो. त्यामुळे पुढचं संभाषण मी ऐकलं नाही. ते काकांनी मला नंतर शब्दाला शब्द सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की आता मला ते पाठ आहे.

काठावर कुशाबा नावाचा शेतकरी म्हैस धूत होता. त्याने विचारलं, "काय झालं?"

"गेली ओ, वाहून गेली," रितेश रडवेला होऊन म्हणाला. "माझ्या हातातून सुटली. डोळ्यांसमोर गेली."

कुशाबाचा हात म्हशीच्या पाठीवरच राहिला. "दिसायला कशी हाय?"

"निळी. पिवळ्या काठाची." बॅगेला पिवळी किनार होती. "गेल्याच महिन्यात आणली हो. एकदासुद्धा नीट बाहेर नेली नव्हती. आज पहिल्यांदाच घेऊन निघालो."

"घरी कळवलंय?"

"कसं कळवणार, फोन पण तिच्याबरोबरच गेले."

इथे रेश्मा वड्यांच्या आठवणीने रडायला लागली आणि अमिताने तिला जवळ घेतलं. कुशाबाने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. काकांना वाटलं, अशा वेळी अधिकृत माहिती कोणीतरी द्यायला हवी. ते म्हणाले, "शोध चालू आहे. अद्याप काही हाती लागलेलं नाही. प्रमुख मालोजी उतेकर मागून येत आहेत." एवढं ऐकून कुशाबा म्हैस तशीच पाण्यात सोडून गावाकडे पळाला. माणूस एका बॅगेसाठी एवढा धावतो, याचं आमच्या मंडळींना फार कौतुक वाटलं.

आम्ही खालच्या मोठ्या डोहापाशी पोचलो तर काठावर सगळं गाव. कोणी दोर आणलेला, कोणी जाळं. धडधाकट माणसं त्या गार पाण्यात छातीपर्यंत उतरून पायाने तळ चाचपडत होती. तीन दगडांच्या चुलीवर कुशाबाची आई राहीबाई भाकऱ्या थापत होती. मी होडीतून उतरताच लोकांनी वाट दिली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा दंड धरून मला दगडावर बसवलं, पाण्याचा तांब्या दिला आणि हळू आवाजात म्हणाले, "सायब, धीर धरा. आमची मानसं उतरलीत."

कारखान्यात मला कोणी दंड धरून बसवत नाही. माझा ऊर भरून आला. नदीतल्या पर्यटनाला इतका पाठिंबा मिळेल असं वाटलं नव्हतं. मी उभा राहिलो आणि दोन शब्द बोललो.

"मंडळी, तुमचं हे सहकार्य बघून मला शब्द सुचत नाहीत. आज पहिलीच वेळ असल्यामुळे थोडी गडबड झाली. पण आता आपण हे दरवर्षी करणार आहोत. पुढच्या खेपेला आणखी माणसं घेऊन येऊ."

टाळ्या आल्या नाहीत. दंड धरणारे गृहस्थ माझ्यापासून दोन पावलं मागे सरकले. मी पुढे बोलणार होतो, पण तेवढ्यात डोहाच्या टोकाला लोंबणाऱ्या झाडीखालून आवाज आला, "लागली."

बायकांनी तोंडाला पदर लावले. चार माणसं जाळं ओढत काठाकडे यायला लागली आणि जाळ्यात निळं, पिवळ्या किनारीचं काहीतरी दिसलं. रितेश धावत पाण्यात शिरला. त्याने जाळ्यासकट बॅग उराशी धरली. "हीच ती," तो म्हणाला, "हीच." मग काठावर येऊन त्याने बॅग उघडली, आत हात घातला आणि आनंदाने सगळ्यांकडे बघितलं. "आतून कोरडी आहे एकदम."

कुशाबाने वाकून बॅगेत डोकावलं.

"ही?" कुशाबाने विचारलं.

"हो, ही."

"मग बाई कुठं हाय?"

"कोण बाई?" रितेश म्हणाला.

मी जाळं ओढणाऱ्या माणसांकडे बघितलं. त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. दातावर दात वाजत होते. मला एकदम सगळं समजलं, आणि मी दिलेलं भाषण मला पहिल्या शब्दापासून आठवलं. मी म्हणालो, "कोणी बुडालेलं नाही. आम्ही बॅग शोधत होतो. सहलीला आलोय आम्ही. तुम्हाला उगाच पाण्यात उतरावं लागलं, माफ करा." आणि हात जोडले.

आता इथून मार खाऊन जायचं की नुसत्या शिव्या, एवढंच ठरायचं बाकी आहे असं मला वाटलं. राहीबाईने तव्यावरची भाकरी उलटली.

"म्हंजे कोनाची लेक गेली नाय ना?" तिने विचारलं.

"नाही, मावशी."

"मंग बरं झालं की. मी मघापासनं त्या पोरीच्या आयचा इचार करत होते." तिने भाकरी काढून टोपलीत टाकली. "गार व्हायच्या आधी बसा सगळे. पिठलं हाय." मग तिने रितेशकडे बघितलं. "आनि तू रे. पिशवीसाठी एवढा रडलास, तर बायकोला काय ठेवलंस?"

पहिल्यांदा पाण्यातली माणसं हसली. मग सगळं गाव. रेश्मानेही डोळे पुसले, वड्यांचा डबा बाहेर काढला आणि कुडकुडणाऱ्या माणसांपासून वाटायला सुरुवात केली. आमचे कोरडे कपडे मी त्यांना देऊन टाकले. कुशाबाला माझा कारखान्याचा टी-शर्ट आला. त्याच्या छातीवर 'सुरक्षा प्रथम' लिहिलं होतं आणि तो त्याला माझ्यापेक्षा चांगला दिसत होता.

या सगळ्यात अमिताने बॅगेतून आपला फोन काढला होता. तिचा चेहरा बदललेला मी बघितला. नदीवरच्या डोंगरातल्या वाडीवरून, तिच्या माहेरून, फोनावर फोन येऊन गेले होते. कुशाबाने गावात सांगितलेली बातमी कोणीतरी फोनवरून पायथ्याच्या कापडे गावाला कळवली होती, तिथून ती डोंगरावर चढली, आणि एवढ्या प्रवासात नवी नवरी, निळं, पिवळा काठ हे सगळं गळून गेलं. उरलं ते एवढंच की मालोजी उतेकरांच्या होडीतली बाई वाहून गेली.

अमिता वाडीला फोन लावत होती, पण तिकडून कोणी उचलत नव्हतं. मग तिने डोंगराकडे मान वर केली. मीही केली. ऊन उतरत होतं आणि पायवाटेने एक माणूस खाली येत होता. चालत नव्हता, पळतही नव्हता. जिथे पोचणं नको आहे पण थांबताही येत नाही, अशा ठिकाणी निघाल्यासारखा येत होता. ते महिपतमामा होते, अमिताचे वडील. पायात काही नव्हतं. मुंडासं सुटून गळ्यात आलेलं.

लोक बाजूला झाले. मामा वाळूत आले, त्यांनी आधी पसरलेलं जाळं बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. माझ्या सासऱ्यांना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. बिबट्याने शेळी नेली तेव्हासुद्धा ते काठी घेऊन त्याच्या मागे गेले होते.

"आबा," अमिता म्हणाली.

ते तिच्यापाशी आले. तिच्या ओल्या केसांना हात लावला, मग तो हात स्वतःच्या धोतराला पुसला. "भिजलीस गो बाय," ते म्हणाले. आणि ते होते तिथे वाळूत बसले. अमिता त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या तळपायातला काटा काढायला लागली.

मी जाऊन पाया पडलो. मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, जरा विचार करत.

"जावय, तुमी त्या कारखान्यात काय करता?"

"सुरक्षा अधिकारी आहे, मामा."

"हां," ते म्हणाले.

मला आजवर पुष्कळ लोक पुष्कळ बोलले आहेत. वरिष्ठ तर लेखी बोलले आहेत. पण त्या एका 'हां'इतकं मला काही लागलं नाही.

तंबू आम्ही राहीबाईच्या अंगणात लावला. आमच्यासाठी नव्हे; गावाला तो आतून बघायचा होता. काकांनी शिट्टी वाजवून रांग लावली, आतले उतरल्याशिवाय बाहेरच्यांनी चढायचं नाही असं बजावलं आणि बऱ्याच वर्षांनी पोटभर नोकरी केली. रितेश गावकऱ्यांना रिव्हर टुरिझम समजावून सांगत होता आणि ते त्याला मुद्दाम पुन:पुन्हा विचारत होते, "पन नवरी निळीच का?" आम्ही ओटीवर आडवे झालो. मामांनी मात्र जेवून झाल्यावरही अमिताला नजरेआड होऊ दिलं नाही. ती पाणी प्यायला उठली तरी ते मान वळवायचे.

सकाळी मला जाग आली तेव्हा मामा नदीकाठी होडीपाशी उभे होते. एका बोटाने त्यांनी ती दाबून बघितली. अमिता त्यांच्याजवळ होती.

"वारं भरलंय नुसतं," ते म्हणाले.

"हो, आबा."

"आनि तू ह्यात बसून आलीस? पोलादपूरपासनं?"

"मीच वल्हवत होते."

मामांनी पाण्याकडे बघितलं. जन्मभर त्यांनी ही नदी डोंगरावरून, शेळ्यांमागे उभं राहून बघितली होती. "दोघं मावतात का?" त्यांनी विचारलं.

होडीत जाकीट घातलेले मामा पुढे बसले, काठी गुडघ्यांवर आडवी धरून, अंग ताठ करून, जसे ते फोटो काढताना बसतात. मागे अमिता. दुसऱ्या होडीची हवा पुन्हा गेली होती, तेव्हा मोहिमेचा प्रमुख आणि बाकीची मंडळी काठाने चालत निघाली. माझ्या डोक्यावर बॅग होती.

होडी सुटताना मामांनी कुशाबाला हाक मारली. "वाडीवर सांगावा धाड. शेळ्या भावाला बघायला सांग. मी चार दिस लेकीकडं ऱ्हातो."

मी चालता चालता थांबलो. आमच्या लग्नानंतर इतक्या वर्षांत मामा महाडला सकाळच्या गाडीने यायचे आणि दुपारच्या गाडीने परत जायचे. अमिताने किती वेळा विनवलं होतं. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा त्यांचा जुना हट्ट, आणि वर शेळ्यांचं निमित्त. मी अमिताकडे बघितलं. ती मान खाली घालून वल्हवत होती, पण वल्हं एकाच बाजूला पडत होतं, त्यामुळे होडी गोल फिरायला लागली.

"सरळ चालव गो," मामा मागे न बघता म्हणाले.

पुढचा डोह लांब आणि शांत होता. त्यांच्या बरोबरीने राहायला मला झुडपांतून जवळजवळ पळावं लागत होतं. पलीकडच्या काठावर धुणं घेऊन आलेल्या दोन बायका उभ्या राहून बघत होत्या. मामांनी कोणी काही विचारायच्या आत काठी वर केली आणि पाण्यावरून त्यांना मोठ्याने सांगितलं, "माझी लेक हाय. महाडला चाललोय, तिच्या घरी."